लेबर कोर्टात कामगार जिंकला, मालक हायकोर्टात गेला. मधल्या काळातल्या पगाराचं काय?

"कामावरून काढणं बेकायदेशीर होतं. कामगाराला परत कामावर घ्या आणि मागचा पगारही द्या."

लेबर कोर्टाचा असा निकाल लागला की बातमी होते, व्हॉट्सॲपवर फिरते. 'अखेर न्याय मिळाला' असे मेसेज येतात. पण ज्याच्या बाजूने निकाल लागलेला असतो, त्याला बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवरून परत पाठवलं जातं. कारण एकच असतं. "मॅनेजमेंट वरच्या कोर्टात जाणार आहे."

वरच्या कोर्टात जाणं हा मालकाचा हक्क आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तिथे खटला चार वर्षं चालला, तर त्या चार वर्षांत कामगाराचं घर कसं चालणार? मालकाच्या अपिलाबद्दल समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या प्रश्नापासूनच करावी लागते. कारण अशा खटल्यात कोण बरोबर आणि कोण चूक यापेक्षा कोण जास्त दिवस टिकतं, यावर बरंच काही ठरतं.

खरं तर हे 'अपील' नसतंच

बोलताना सगळे 'अपील केलं' असं म्हणतात. पण 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात लेबर कोर्टाच्या निवाड्याविरुद्ध अपिलाची सोयच नव्हती. मालक हायकोर्टात जातो तो संविधानाच्या कलम 226 किंवा 227 खाली रिट याचिका घेऊन.

नावातला हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही.

अपिलात वरचं कोर्ट साक्षीपुरावे पुन्हा तपासू शकतं. रिट याचिकेत मात्र हायकोर्ट साधारणपणे एवढंच बघतं, की खालच्या कोर्टाने कायदा धडधडीत चुकीचा लावला का, अधिकाराबाहेर जाऊन निकाल दिला का, की कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला. 'त्या दिवशी सुपरवायझरला शिवीगाळ झाली होती का?' हे हायकोर्ट नव्याने ठरवायला बसत नाही.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी एक रस्ता राहिला आहे. तो म्हणजे 1971 चा 'एमआरटीयू-पल्प' कायदा. सूडबुद्धीने, खोट्या आरोपावरून, नीट चौकशी न करता किंवा किरकोळ चुकीसाठी कामावरून काढणं, ही या कायद्यानुसार 'अनुचित कामगार प्रथा' आहे. त्याविरुद्ध 90 दिवसांत लेबर कोर्टात तक्रार करता येते. तिथे हरलेला पक्ष आधी औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करतो आणि मग हायकोर्टात जातो. म्हणजे या रस्त्यावर एक पायरी जास्त आहे.

हायकोर्टातही एका न्यायमूर्तींच्या निकालाविरुद्ध काही प्रकरणांत दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे जाता येतं. त्यानंतर सुप्रीम कोर्ट. एकूण मोजल्या तर चार-पाच पायऱ्या होतात.

पुण्यातली झोप आणि 21 वर्षं

या पायऱ्या चढायला किती वेळ लागू शकतो, याचं पुण्यातलंच एक उदाहरण आहे.

26 ऑगस्ट 1983. भारत फोर्ज कंपनीतला एक हेल्पर सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी कामाच्या जागी एका लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. कंपनीने चौकशी केली आणि त्याला कामावरून काढलं. अशाच वागणुकीबद्दल त्याला आधीही शिक्षा झाल्याची नोंद होती.

प्रकरण लेबर कोर्टात गेलं. झोपल्याचा आरोप सिद्ध झाला होता, वाद होता तो शिक्षेचा. ड्युटीवर झोपला म्हणून थेट नोकरीच घालवायची, हे जरा जास्तच होतंय का? लेबर कोर्टाला शिक्षा जास्त वाटली. वरच्या पायऱ्यांवर निकाल फिरत गेला. हायकोर्टानेही कामगाराला दिलासा दिला. त्याविरुद्ध कंपनी सुप्रीम कोर्टात गेली.

जानेवारी 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पहिलीच चूक नसेल आणि आधीच्या शिक्षांनी फरक पडला नसेल, तर बडतर्फीची शिक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. अशा प्रकरणात कोर्टाने केवळ सहानुभूती म्हणून शिक्षा बदलू नये, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

एका सकाळच्या झोपेचा निकाल लागायला 21 वर्षं गेली. मालकाचं अपील दर वेळी छळासाठीच असतं असं नाही, हेही या प्रकरणातून दिसतं. तिकिटाचे पैसे खिशात घालणाऱ्या बस कंडक्टरच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने अनेकदा हेच सांगितलं आहे, की रक्कम लहान असली तरी विश्वास तुटलेला असतो. त्यामुळे तिथेही मालकाची बाजू उचलून धरली गेली.

पण या 21 वर्षांचा भार दोन्ही बाजूंवर सारखा नव्हता. कंपनीसाठी ती कायदा विभागाच्या कपाटातली एक फाईल असते. कामगारासाठी तो त्याच्या कमावत्या वयाचा जवळजवळ सगळा काळ असतो.

'17-ब' : अपील चालू असताना पगार

ही विषमता संसदेच्या लक्षात आली होती. म्हणून औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून कलम 17-ब आणलं गेलं. ते 21 ऑगस्ट 1984 पासून लागू झालं.

त्याचा अर्थ सोपा आहे. लेबर कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने कामगाराला परत कामावर घ्यायला सांगितलं आणि मालक त्याविरुद्ध हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात गेला, तर तो खटला चालू असेपर्यंत मालकाने कामगाराला त्याचा शेवटचा पूर्ण पगार देत राहायचा. त्याला कामावर बोलवायचं नसेल तर नका बोलावू, पण पगार द्या.

यासाठी तीन गोष्टी लागतात.

एक, निकालात 'परत कामावर घ्या' असा आदेश हवा. फक्त नुकसानभरपाई दिली असेल, तर हे कलम लागू होत नाही.

दोन, कामगार त्या काळात दुसऱ्या कुठल्या आस्थापनेत नोकरीला नसावा.

तीन, 'मी बेरोजगार आहे' असं प्रतिज्ञापत्र त्याने कोर्टात द्यायला हवं.

या तिसऱ्या गोष्टीत बरेच जण मागे पडतात. हा पगार आपोआप सुरू होत नाही. निकाल जिंकल्यावर 'आता वकीलसाहेब बघतील' म्हणून गावी निघून गेलेल्या कामगाराचं प्रतिज्ञापत्र वेळेत दाखल झालं नाही, तर त्याचे तेवढे महिने अडकून पडतात.

आता पुढचा प्रश्न. शेवटी मालक जिंकला, तर हे पैसे परत करायचे का? नाही. देना बँकेच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की ही रक्कम निर्वाह भत्त्यासारखी आहे. निवाडा रद्द झाला तरी ती वसूल करता येत नाही.

पण त्याच निकालात एक मेखही आहे. 'शेवटचा पूर्ण पगार' म्हणजे काढलं त्या दिवशी प्रत्यक्ष मिळत होता तो पगार. आज कामावर असता तर जो मिळाला असता, तो नव्हे.

हिशेब करून बघू. समजा एखाद्याला 2012 मध्ये काढलं आणि तेव्हा त्याचा पगार 11,000 रुपये होता. 2018 मध्ये तो लेबर कोर्टात जिंकला आणि मालक हायकोर्टात गेला. तो खटला 2025 पर्यंत चालला, तर या सात वर्षांत त्याला महिन्याला 11,000 रुपयेच मिळणार. मधल्या काळात सिलिंडर महागला, घरभाडं वाढलं, मुलं शाळेतून कॉलेजात गेली, पण आकडा तोच. खास परिस्थितीत हायकोर्ट जास्त रक्कम द्यायला सांगू शकतं. पण ती वरची रक्कम मालक जिंकल्यावर परत मागितली जाऊ शकते.

मागच्या पगाराची लढाई

17-बचा पगार निकालानंतरच्या काळाचा असतो. निकालाआधीच्या काळाचं काय? वरच्या उदाहरणात 2012 ते 2018 ही सहा वर्षं आहेत. 11,000 रुपयांच्या हिशेबाने ही रक्कम 7 लाख 92 हजार होते. यालाच कोर्टाच्या भाषेत 'बॅक वेजेस' म्हणजे मागील वेतन म्हणतात.

मालकाच्या याचिकेचा मुख्य रोख बऱ्याचदा याच रकमेवर असतो. हवं तर कामावर घेतो, पण मागचा पगार देणार नाही, ही भूमिका वकिलांच्या चांगल्या ओळखीची आहे.

यावरचा सर्वात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या लढ्यातून आला.

तेव्हाच्या औरंगाबादमधली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधली ही एक प्राथमिक शाळा. महापालिकेने 2005 मध्ये शाळेच्या इमारतीला व्यावसायिक धरून 79,974 रुपयांचं कराचं बिल पाठवलं. मुख्याध्यापिकेने कर्मचाऱ्यांना सांगितलं, की प्रत्येकाने महिन्याला 1,500 रुपये द्यायचे. बाकीचे तयार झाले. एका शिक्षिकेने नकार दिला, कारण तिला पगारच नियमित मिळत नव्हता.

त्यानंतर तिला 25 मेमो मिळाले. नोव्हेंबर 2006 मध्ये निलंबन झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनाला मंजुरी दिली नाही, तरीही जून 2007 मध्ये तिला नोकरीवरून काढण्यात आलं.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट आहे. शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातले 'कामगार' नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं होतं. त्यामुळे त्यांना लेबर कोर्टाचं दार बंद, आणि 17-बचं संरक्षणही नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी 1977 चा वेगळा कायदा आहे आणि त्यात शाळा न्यायाधिकरणाची सोय आहे. ही शिक्षिका तिथे गेली.

जून 2009 मध्ये न्यायाधिकरणाने तिला काढणं बेकायदेशीर ठरवलं आणि पूर्ण मागील वेतन द्यायला सांगितलं. संस्था हायकोर्टात गेली. सप्टेंबर 2011 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिला काढणं बेकायदेशीरच होतं हे मान्य केलं, पण मागच्या पगाराचा आदेश रद्द केला.

थोडक्यात, चूक संस्थेची आणि खर्च शिक्षिकेचा.

ती सुप्रीम कोर्टात गेली. 12 ऑगस्ट 2013 रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि न्यायमूर्ती व्ही. गोपाल गौडा यांनी न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा जिवंत केला. पूर्ण मागील वेतन चार महिन्यांत द्यायचं, नाहीतर वर 9 टक्के व्याज.

या निकालाने काही गोष्टी पक्क्या केल्या. काढणं बेकायदेशीर ठरलं, तर परत नोकरी, सेवेत सलगता आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. कामगाराने आधी एवढंच सांगायचं, की मला दुसरी नोकरी नव्हती किंवा होती ती कमी पगाराची होती. त्यानंतर तो कमावत होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. खटला लांबला म्हणून कर्मचाऱ्याचा पगार कापणं कोर्टाला मान्य नव्हतं, कारण या लांबणीत बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो.

अर्थात प्रत्येकाला 100 टक्के रक्कम मिळतेच असं नाही. किती वर्षं नोकरी झाली होती, गैरवर्तन सिद्ध झालं का आणि मालकाची आर्थिक स्थिती काय, हे कोर्ट बघतं. रोजंदारीवरच्या कामगाराला केवळ नोटीस किंवा भरपाई न देता काढलं असेल, तर अलीकडच्या अनेक निकालांत नोकरीऐवजी एकरकमी भरपाई दिली गेली आहे.

रिक्षा चालवली तर 'कमावता' धरणार का?

नोकरी गेलेला माणूस घरी बसून राहत नाही. कुणी भाजीची गाडी लावतो, कुणी शेतावर जातो, कुणी मित्राची रिक्षा चालवतो. मग मालकाचा वकील फोटो दाखवतो आणि म्हणतो, "हा तर कमावतोय."

1984 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण होतं. काढलेला कर्मचारी सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत मदत करून कुटुंबासह त्यांच्याच घरी राहत होता. मालकाचं म्हणणं होतं, की हा रोजगारच आहे. कोर्टाने ते फेटाळलं. जीव जगवण्यासाठी केलेल्या अशा धडपडीला रोजगार म्हणायचं, तर उद्या भीक मागण्यालाही रोजगार म्हणावं लागेल, असा कोर्टाचा रोख होता.

पण म्हणून प्रतिज्ञापत्रात खोटं लिहू नये. दुसऱ्या कंपनीत नोकरी करून पीएफ कापला जात असेल आणि कोर्टात 'बेरोजगार आहे' असं लिहून दिलं, तर ते पकडणं मालकाला फार अवघड जात नाही. मग चांगली केसही हातची जाते.

नव्या लेबर कोडमध्ये काय बदललं?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने 1947 च्या कायद्याची जागा घेतली. मग 17-ब गेलं का?

नाही. खटला वरच्या कोर्टात असताना पगार देण्याची तरतूद नव्या संहितेत कलम 56 म्हणून आहे. प्रतिज्ञापत्राची अटही आहे.

बदललं आहे ते दाराजवळचं. वैयक्तिक बडतर्फीचा वाद नेण्यासाठी जुन्या कायद्यात तीन वर्षांची मुदत होती, आता दोन वर्षं उलटल्यावर समेट अधिकारी तो वाद हाती घेऊ शकत नाही. लेबर कोर्टाऐवजी दोन सदस्यांची औद्योगिक न्यायाधिकरणं असतील. त्यात एक सदस्य न्यायिक, तर दुसरा प्रशासकीय असेल.

'कामगार' कोण, याची रेषाही महत्त्वाची आहे. व्यवस्थापकीय काम करणारा यात बसत नाही. देखरेखीचं काम करणाऱ्यासाठी पगाराची मर्यादा 10,000 रुपये होती, ती आता 18,000 झाली आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत किंवा एखाद्या स्टार्टअपमध्ये कार्डावर 'मॅनेजर' छापलेलं असेल, तर मालकाचा पहिला मुद्दा हाच असतो, की हा कामगारच नाही. कोर्ट मात्र पदाचं नाव बघत नाही, रोजचं मुख्य काम काय होतं ते बघतं. त्यामुळे कामाचे ईमेल, हजेरीच्या नोंदी आणि वरिष्ठांच्या सूचना यांना पुढे पुराव्याची किंमत येते.

निकाल हातात आल्यानंतरचे दिवस

जुन्या कायद्यात निवाडा प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवसांनी तो अमलात आणण्यायोग्य होत असे. मालकाची धावपळ याच दिवसांत असते, कारण त्याला हायकोर्टातून स्थगिती हवी असते. स्थगिती देताना हायकोर्ट अनेकदा मागील वेतनाची काही रक्कम कोर्टात जमा करायला सांगतं.

कामगारानेही याच दिवसांत हालचाल करायला हवी. निकालाची प्रमाणित प्रत काढायची. 'मी कामावर हजर व्हायला तयार आहे' असं पत्र कंपनीला द्यायचं आणि त्याची पोच ठेवायची. हायकोर्टाची नोटीस आली, की पहिल्याच तारखांना पगारासाठी अर्ज आणि प्रतिज्ञापत्र दाखल करायचं. शेवटच्या पगाराची स्लिप जपून ठेवायची, कारण पुढची कित्येक वर्षं दरमहा मिळणारा आकडा त्याच कागदावरून ठरणार असतो.